वाळूतील पाऊल आणि पुराव्याची कसोटी

ओढ्याच्या पात्रातील काळ्या खडकावर पावलाच्या आकाराचा खळगा दिसला की त्याला नाव देण्याची घाई माणसाला नेहमीच होत आलेली आहे. कुठे ते भीमाचे पाऊल ठरते, कुठे सीतेचे, तर कुठे एखाद्या देवाच्या घोड्याची टाप. १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’ हा चित्रपट आला आणि पुढच्या पिढीने या यादीत डायनोसॉरची भर घातली. आधीची नावे श्रद्धेतून आलेली आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. श्रद्धा पुरावा मागत नाही, तसा पुरावा असल्याचा दावाही करीत नाही. डायनोसॉर हे नाव मात्र विज्ञानाचे आहे. ते उच्चारणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी येते, आणि ती पार पाडण्याची रीत कोणती हे जाणून घेणे पंडितांइतकेच शाळामास्तरांच्या आणि विद्यार्थ्यांच्याही कामाचे आहे.

धाराशिव जिल्ह्यापुरते उत्तर प्रथमच देऊन टाकलेले बरे. या जिल्ह्यातील खडकावर डायनोसॉरचे पाऊल सापडण्याची आशा धरता येत नाही. बालाघाटच्या डोंगररांगा, नळदुर्गच्या किल्ल्याखालचा कातळ, विहीर खणताना लागणारा मुरूम आणि त्याखालचा काळा पाषाण, हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून थरावर थर वाहत आलेल्या लाव्हारसाचे थिजलेले रूप होय. तप्त लाव्ह्यावर कोणी चालत नाही आणि थिजलेल्या लाव्ह्यावर चालणाऱ्याचे पाऊल उमटत नाही. मग खळगे येतात कोठून? काही ठिकाणी लाव्ह्यातील वायूंच्या बुडबुड्यांची पोकळी उघडी पडलेली असते, काही ठिकाणी ऊनपावसाने खडकाचा पापुद्रा निघालेला असतो, तर ओढ्यात पाण्याबरोबर फिरणारे गोटे खडक कोरून रांजणखळगे तयार करतात. उत्तर नकारार्थी असले तरी ते ज्या विचाराने मिळाले तो विचार मोलाचा आहे. ठशाकडे पाहण्यापूर्वी खडकाकडे पाहावे, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

लाव्ह्याखालची जमीन

तथापि या पाषाणाच्या खाली काय आहे, याची एक झलक या भागाला फार मोठी किंमत मोजून मिळाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेतला. किल्लारी हे गाव आज लातूर जिल्ह्यात असले तरी १९८२ मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. भूकंपानंतर त्याची कारणे शोधण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासात किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात वरचे ३३८ मीटर लाव्ह्याचे थर लागले. त्यांच्याखाली ८ मीटर जाडीचा गाळाचा थर होता आणि त्याच्याही खाली अतिप्राचीन आधारखडक.

३३८ मीटर पाषाणाखालचे हे ८ मीटर म्हणजे लाव्हा येण्यापूर्वीची जमीन. तिच्यावर कोणे एके काळी पाणी वाहिले आणि गाळ साचला. त्या गाळात कोणाचे पाऊल आहे असे म्हणता येणार नाही, कारण नळीएवढ्या छिद्रातून पाऊल दिसत नसते. परंतु मराठवाड्याच्या पायाखाली एक झाकलेली जमीन आहे एवढे त्यातून निश्चित झाले. गाळाचे असे थर जेथे उघडे पडतात तेथेच पूर्वीच्या प्राण्यांचा शोध घेता येतो.

हाडे आणि पावले

महाराष्ट्रात तशी जागा पूर्वेकडे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे एकोणिसाव्या शतकातच जीवाश्म सापडले. ते प्रकाशात आणणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याचे नाव नागपूरच्या महाविद्यालयामुळे सर्वांना परिचित आहे. त्याच जिल्ह्यातील डोंगरगाव येथे मिळालेल्या एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरच्या सांगाड्याचे वर्णन १९९७ साली प्रसिद्ध झाले आणि २००३ साली त्या प्रजातीला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. या नावातील ‘इसि’ म्हणजे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा आणि नमुना पाहणीचे तंत्र यांमुळे ज्या संस्थेचे नाव वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते, तीच ही संस्था. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५७ साली पामेला रॉबिन्सन या ब्रिटिश विदुषीला बोलावून तेथे भूशास्त्राचा विभाग सुरू केला. सिरोंच्याच्या परिसरातील गोदावरीच्या खोऱ्यात या विभागाला मिळालेल्या महाकाय प्राण्याचे नाव, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून, ‘बारापासॉरस टागोराय’ असे ठेवले गेले.

संख्याशास्त्राच्या संस्थेने हाडे का शोधावीत, हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. वस्तुतः दोन्ही कामांचे मर्म एकच आहे. मूठभर घरांच्या पाहणीवरून देशाच्या उपभोगाचा अंदाज करणारा आणि चार हाडांवरून प्राणी उभा करणारा, असे दोघेही अपुऱ्या पुराव्यावरून अनुमान काढतात, आणि अनुमान कोठे थांबवावे हे कळण्यातच दोघांचे कौशल्य असते.

पावलांच्या बाबतीत ही कसोटी अधिक कडक होते. हाड हे मेलेल्या प्राण्याचे असते आणि ते पुराने कित्येक कोस वाहून जाऊ शकते. पाऊल मात्र जिवंत प्राण्याचे असते आणि ते जेथे पडले तेथेच राहते. प्राणी एकटा होता की कळपात, चालत होता की पळत होता, हे हाडे सहसा सांगत नाहीत. ते पावले सांगतात, पण ती मूळ जागी असतील तरच.

वाळू पाऊल कसे जपते

चिखलात पाऊल टिकते हे कोणालाही पटेल, पण वाळवंटातील वाळूत ते कसे टिकावे? तेरणेच्या पात्रात सकाळी फेरी मारणाऱ्याला याचे अर्धे उत्तर सहज मिळते. कोरड्या वाळूत कुत्र्याचे पाऊल पडताच कडा ढासळतात आणि बिनआकाराचा खड्डा तेवढा उरतो. ओलसर वाळूत तेच पाऊल बोटे आणि नखे यांसह स्पष्ट उठते. वाळवंटातही दव पडते, क्वचित पाऊस येतो आणि वाळूच्या टेकड्यांमधील सखल भागात पाणी साचते. अशा ओलाव्यात ठसा उमटला आणि वाऱ्याने आणलेली नवी वाळू त्यावर अलगद बसली, तर तो झाकला जातो. पुढे वरचा भार वाढतो, भूजलातील खनिजे कणाकणांत शिरून सांधा जोडतात आणि वाळूचा वालुकाश्म होतो. कोट्यवधी पावलांतून एखादेच या वाटेने वाचते.

जीवाश्म पावलांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तोही अशाच प्राचीन वाळवंटाच्या दगडात, आणि त्याचा आरंभकर्ता अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. स्कॉटलंडमधील रुथवेल या खेड्याचे धर्मोपदेशक हेन्री डंकन यांनी १८१० साली गरिबांच्या पैपैशाच्या ठेवींसाठी बचत बँक काढली. आधुनिक बचत बँकांची परंपरा तेथून सुरू झाली असे मानले जाते. याच डंकन यांनी जवळच्या खाणीतील तांबड्या वालुकाश्मावर उमटलेल्या पावलांच्या रांगा पाहिल्या आणि १८२८ साली एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांविषयी निबंध सादर केला. त्यांनी ठशांचे साचे विल्यम बकलंड या ऑक्सफर्डच्या भूशास्त्रज्ञाकडे पाठविले होते. बकलंड यांनी तर्क लढवीत न बसता जिवंत कासव मऊ कणकेवरून आणि ओल्या वाळूवरून चालविले आणि उमटलेले ठसे साच्यांशी ताडून पाहिले. ही पावले कासवाची असावीत हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. ती डायनोसॉर जन्मण्यापूर्वीच्या अन्य चतुष्पादांची होती. निष्कर्ष गेला, पण ताडून पाहण्याची रीत राहिली.

दख्खनच्या वाचकाला याहून जवळचे वाटेल असे उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. तेथील बोतुकातू वालुकाश्म हा एका विस्तीर्ण प्राचीन वाळवंटाचा अवशेष. सुमारे साडेतेरा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे प्रचंड लोट या वाळवंटावर आले आणि वाळूच्या टेकड्या त्याखाली गाडल्या गेल्या. म्हणजे दख्खनसारखाच तो लाव्ह्याने झाकलेला प्रदेश, फक्त झिजेमुळे तेथील खालची वाळू बऱ्याच ठिकाणी उघडी पडली आहे. हा दगड आराराक्वारा शहराच्या पदपथांवर फरशी म्हणून बसविला जात होता. १९७६ साली ज्युझेप्पे लिओनार्दी या धर्मगुरू असलेल्या इटालियन जीवाश्मतज्ज्ञांचे त्या फरश्यांवरील पावलांकडे लक्ष गेले. लोक त्या पावलांवरून रोज ये-जा करीत होते. या वालुकाश्मातील एका लहान आणि वेगवान डायनोसॉरच्या ठशांना २०२३ साली ‘फार्लोविक्नस रॅपिडस’ असे स्वतंत्र नाव मिळाले.

ओळखण्याची रीत

असा ठसा ओळखताना तज्ज्ञ कोणत्या क्रमाने जातो, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम खडक. तो गाळाचा हवा आणि योग्य वयाचा हवा. मराठवाड्यातील घराघरांत बसविलेली शहाबादी फरशी गाळाचीच आहे, पण ती पाय असलेले प्राणी पृथ्वीवर येण्याच्या फार पूर्वीची. तिच्यावर पाऊल दिसले तर तो निव्वळ आभास होय. खडक वाळवंटी आहे हे ठरविण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. वाऱ्याने निवडलेले कण जवळजवळ एकाच आकारमानाचे असतात, ते गोलसर आणि घासलेल्या काचेसारखे निस्तेज दिसतात. वाळूच्या टेकडीच्या उताराचे थर आडवे नसून तिरपे असतात आणि त्यांचा कल ३० अंशांपर्यंतही जातो.

दुसरी पायरी रांगेची. एकटा खळगा काहीच सिद्ध करीत नाही. डावे, उजवे, पुन्हा डावे असा क्रम आणि पावलांमधील जवळपास सारखे अंतर दिसले म्हणजे चालणाऱ्याची चाहूल लागते. तिसरी पायरी दाबाची. पाऊल हे कोरलेले नसते, दाबलेले असते. म्हणून त्याच्या कडेला वर सरकलेल्या गाळाची किनार दिसते आणि खालचे पातळ थर वाकलेले असतात. छिन्नीने कोरलेल्या आकृतीत थर वाकत नाहीत, तुटतात. वाळूच्या उतारावर चालणाऱ्याच्या पावलाखालून वाळू खाली सरकते आणि प्रत्येक ठशाच्या उतरत्या बाजूला चंद्रकोरीसारखा उंचवटा राहतो. ही कोर म्हणजे जणू वाळवंटाची सहीच.

चौथी पायरी सावधगिरीची. वजनदार प्राण्याच्या पावलाचा दाब खालच्या थरांपर्यंत पोचतो आणि तेथे पुसट ठसा उमटतो. वरचा थर झिजून गेला की हा खालचा ठसाच खरा वाटतो, पण त्याची लांबीरुंदी खऱ्या पावलाची नसते. एवढे झाल्यावरच पाऊल कोणाचे हा प्रश्न येतो. तीन अरुंद बोटे आणि टोकाला नखांच्या अणकुचीदार खुणा असतील तर दोन पायांवर चालणारा मांसाहारी डायनोसॉर संभवतो. बोटे जाड आणि बोथट असतील तर शाकाहारी. मागच्या पायाचे मोठे वाटोळे ठसे आणि पुढच्या पायाच्या अर्धचंद्राकृती खुणा असतील तर लांब मानेचे महाकाय प्राणी.

येथेही शास्त्र आपली मर्यादा पाळते. ठशाला दिलेले नाव हे प्राण्याचे नाव नसते. कागदावरील अंगठ्यावरून अंगठा कोणी केला हे ठरविण्यासाठी त्या माणसाचा दुसरा अंगठा हाती लागतो. येथे पावलापाशी हाडे मिळणे अतिदुर्मिळ, म्हणून ठशांची नावे वेगळी ठेवतात. अमेरिकेत १८०२ साली प्लिनी मूडी या शेतकऱ्याच्या मुलाला नांगरताना तीन बोटांच्या पावलांची एक शिळा सापडली आणि ती पुढे घराच्या दाराशी पायरीसारखी वापरली गेली. एडवर्ड हिचकॉक यांनी १८३६ पासून अशा ठशांचा अभ्यास केला आणि ती प्रचंड पक्ष्यांची पावले मानली. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज असल्याचे आज सर्वमान्य असल्याने त्यांची चूक फारशी दूरची नव्हती. त्यांनी ठशांना दिलेली नावे, उदाहरणार्थ ‘युब्रॉन्टिस’, अजून चालतात, कारण ती ठशांची नावे होती.

पावलांवरून वेगही काढता येतो. त्याचे सूत्र आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ साली मांडले. पाऊल ३५ सेंटीमीटर लांब असेल तर त्याची चौपट, म्हणजे सुमारे १४० सेंटीमीटर, ही जमिनीपासून कमरेपर्यंतची उंची धरतात. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांतील अंतर २४० सेंटीमीटर असेल तर वेग ताशी सुमारे ८ किलोमीटर येतो. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. परंतु कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका सकाळची चाल दोन संख्यांवरून अजमावता यावी, ही सामान्य गोष्ट नाही.

थैयातचा धडा

भारतात आजच्या वाळवंटात अशी पावले मिळाली आहेत. जानेवारी २०१४ मध्ये जयपूरला ज्युरासिक कालखंडाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्या निमित्ताने जैसलमेरजवळील थैयात येथील खडक पाहताना अभ्यासकांना तीन बोटांचे दोन ठसे आढळले. एक सुमारे फूटभर लांबीचा, तर दुसरा अवघा साडेपाच सेंटीमीटरचा. जैसलमेर म्हटले की वाळवंट, म्हणून ही पावलेही वाळवंटात पडली असतील असे कोणीही म्हणेल. खडकाने मात्र उलट साक्ष दिली. ज्या थरात ठसे आहेत तो समुद्रकिनाऱ्यालगतच्या गाळाचा आहे. आजचे वाळवंट तेव्हा किनारा होते आणि ब्राझीलमधील आजची उसाची आणि संत्र्यांची जमीन तेव्हा वाळवंट होती. वर्तमानाच्या देखाव्यावरून भूतकाळ ठरवू नये, हा थैयातचा धडा खडकांपुरता मर्यादित नाही.

या सर्व कसोट्यांना एकच अट आहे. दगड जागेवर असला पाहिजे. खडी केंद्रात गेलेली शिळा परत येत नाही हे उघड आहे. पण कौतुकाने फोडून दिवाणखान्यात ठेवलेली शिळाही जवळजवळ तितकीच मुकी होते, कारण तिचा थर, तिची दिशा आणि तिच्या मागचेपुढचे पाऊल मागे राहिलेले असते. भूवारसा स्थळे आणि अवशेष यांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. कायद्याची आवश्यकता आहेच. तथापि प्रत्येक खदानीवर आणि प्रत्येक बांधावर कायदा पहारा करू शकत नाही. तेथे उपस्थित असतो तो पाथरवट, शेतकरी, किंवा गुरांमागे फिरणारा मुलगा. मूडी हा शेतकऱ्याचाच मुलगा होता आणि डंकन यांनी पाहिलेले ठसे खाणीतल्या मजुरांनीच उघडे केलेले होते. अशा माणसाला काय पाहावे आणि काय हलवू नये हे कोण सांगणार? हे काम गावच्या शिक्षकाचेच आहे.

धाराशिव जिल्ह्यात डायनोसॉरची पावले नाहीत म्हणून हा धडा येथे गैरलागू ठरत नाही. परातीत ओला चिखल पसरून त्यावरून कोंबडी चालवावी, ठशात प्लास्टर ओतावे, चिखल कमीअधिक ओला करून पुन्हा पाहावे. बकलंड यांचा प्रयोग एवढ्या साहित्यात कोणत्याही शाळेत होतो, आणि कोंबडीचे तीन बोटांचे पाऊल त्या कामी अगदी योग्य आहे. खडकात काही वेगळे दिसले तर ते न उचलता, शेजारी मोजपट्टी ठेवून, सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे. गाव, शिवार आणि तारीख यांची नोंद करावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावे. दहापैकी नऊ वेळा उत्तर ‘रांजणखळगा’ असे येईल. ते उत्तर मुलांनी स्वतः काढले असेल तर वर्ग वाया गेला असे कोणी म्हणू नये.

या जिल्ह्याला ही वृत्ती परकी नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमशी व्यापार करणाऱ्या त्या नगराच्या खुणा पांढरीच्या मातीत आणि शेतांत सापडत असताना गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या गोळा करून जपल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे उभे आहे. हाती आलेली वस्तू टाकून देण्याऐवजी जपावी हे त्यांनी दाखविले. तिच्या जागेची आणि थराचीही नोंद ठेवावी, एवढी भर पुढच्या पिढीने त्यात घालावयाची आहे. आणि तेर हे गोरोबाकाकांचेही गाव आहे. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते हे त्यांनी सांगितले आणि नामदेवांनाही त्यातून सूट मिळाली नाही, ही कथा या मुलखात लहान मुलांनाही माहीत असते. वर्तमानपत्रातील बातमी असो, पुढाऱ्याने दिलेला आकडा असो की खडकातील खळगा असो, मान्य करण्यापूर्वी त्यावर एकदा थापटणे मारून पाहण्याची सवय शाळेतच लागावी. वाळूतील पावलांचे शास्त्र तिचा उत्तम अभ्यास घडविते, कारण तेथे साक्षीदार नाही, कागद नाही आणि कोणाची भीडही नाही.